‘विषय झेपत नाही, आणि झेपला तरी पुढे काय?’

मी विद्यार्थ्यांची समुपदेशक आहे. दरवर्षी अंतर्गत परीक्षांचे गुण लागले की माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न घेऊन विद्यार्थी येऊ लागतात. त्यांतले बरेचसे जवळच्या शासकीय विद्यापीठातील विज्ञान विभागांचे असतात आणि त्यांत जीवरसायनशास्त्राचे, म्हणजे सजीवांतील रसायनांचा अभ्यास करणारे, दोन-तीन तरी हमखास असतात. “विषय झेपत नाही, आणि कसाबसा झेपला तरी त्याचे पुढे काय करायचे?” ऐकायला हे एक वाक्य असले तरी त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला अभ्यासाचा आहे आणि त्याला बहुतेक वेळा उत्तर सापडते. दुसरा पैशाचा, वयाचा आणि घरच्यांच्या धीराचा आहे; त्याचे उत्तर घरागणिक बदलते. विद्यार्थी मात्र दोन्ही एका दमात विचारतो आणि दुसऱ्याच्या धास्तीने पहिल्याचा शोध घेण्याआधीच विषय सोडायला निघतो. दोन वर्षांपूर्वी अशाच बेतात आलेल्या एका मुलीची हकिगत तिच्या संमतीने येथे लिहीत आहे. तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण तिला शीतल म्हणू.

शीतल परभणी जिल्ह्यातील एका गावची. वडील एसटीत वाहक, आई घर आणि दोन एकर कोरडवाहू शेती पाहणारी. अकरावीला तिने जीवशास्त्र घेऊन गणित सोडले होते, कारण डॉक्टर व्हायचे ठरले होते आणि डॉक्टर होणाऱ्याला गणित लागत नाही अशी गावातील सर्वांची समजूत होती. ‘नीट’ परीक्षा दोनदा देऊनही वैद्यकीय प्रवेश हुकला. मग तालुक्याच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन तिने चांगल्या गुणांनी बी.एस्सी. केले आणि विद्यापीठाच्या विभागात एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राला प्रवेश मिळवला. पहिल्याच सत्रात जीवभौतिकशास्त्र (सजीवांचा भौतिकशास्त्राच्या नियमांनी अभ्यास) आणि उपकरणतंत्र यांचा एक पेपर होता. त्याच्या अंतर्गत परीक्षेत तिला ३० पैकी ७ गुण मिळाले होते. ती माझ्याकडे आली तेव्हा उत्तरपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो तिने आधी टेबलावर ठेवला आणि मग खुर्चीत बसली.

“मॅडम, मला बायोकेमिस्ट्री आवडते, पण हा पेपर मला कळतच नाही,” ती म्हणाली. “सर फळ्यावर समीकरण लिहितात, सगळे उतरवून घेतात, मीपण घेते. रूमवर येऊन वही उघडली की वाटतं, हे दुसऱ्याच कुणाचं अक्षर आहे.”

एका औषध कंपनीत काम करणाऱ्या मावसभावाने तिला सांगितले होते की बायोकेमवाल्यांना कोणी विचारत नाही, निदान खासगी विद्यापीठात बायोटेक तरी घ्यायचे होतेस. घरी वडील दर फोनला विचारत होते की हे शिकून रक्त तपासायची लॅब टाकता येते का. तिने स्वतः मनाशी ठरवून टाकले होते की सत्र संपले की विभाग सोडायचा, बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा आणि गावाजवळ शिक्षिका व्हायचे. माझ्याकडून तिला या निर्णयावर जवळजवळ शिक्कामोर्तबच हवे होते.

त्या पहिल्या भेटीत माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगणे आवश्यक आहे. तिला धीर द्यावा म्हणून मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांची गोष्ट सांगितली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमलाबाईंना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, त्यांना अटींवर घेण्यात आले, आणि १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनात लागणारे प्रथिन असते हे त्यांच्या लक्षात आले, तो त्यांच्या प्रबंधाचा गाभा होता. शीतलने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, “मी वाचलंय, मॅडम. त्यांचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ होते. आमच्या घरात मी पहिली पदवीधर.” तिचे म्हणणे खरे होते. बुडणाऱ्याला पैलतीरावरच्या माणसाचे कौतुक ऐकवावे तसा तो प्रकार झाला होता. समुपदेशकाला अशा गोष्टी सांगण्याचा मोह होतो, कारण त्या सांगताना त्याला स्वतःलाच बरे वाटते.

पुढच्या भेटीला मी तिला उत्तरपत्रिका न आणता वह्या आणायला सांगितले. माझी पहिली पदवी भौतिकशास्त्राची आहे. मानसशास्त्राकडे मी नंतर वळले. त्यामुळे त्या वह्यांत काय पाहायचे याची मला थोडीफार कल्पना होती. वही देखणी होती. सूत्रे लाल शाईने, शीर्षके हिरव्या शाईने, आकृत्या पेन्सिलीने. मात्र एकाही सूत्रापुढे एकक लिहिलेले नव्हते. मायकेलिस आणि मेंटेन यांचे एन्झाइमच्या (पेशीतील अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनाच्या) वेगाविषयीचे १९१३ मधील समीकरण तिने पाठ केले होते. त्याच समीकरणाच्या दोन्ही बाजू उलट्या करून (एक भागिले ती राशी) लाइनवीव्हर आणि बर्क यांनी १९३४ मध्ये मांडलेला आलेखही तिने पट्टीने काढला होता. मी विचारले, “मूळ आलेख वाकडा आणि हा सरळ, असे का?” ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. “सरळच काढायचा असतो ना?” हे तिचे उत्तर होते. मग मी कागदावर ‘लॉग १०० म्हणजे किती?’ एवढेच लिहिले. दहाचा वर्ग शंभर, म्हणून उत्तर २; ते तिला सांगता आले नाही.

तिला अडवून धरणारी वस्तू येथे सापडली, आणि ती जीवभौतिकशास्त्र ही नव्हती. तिचे गणित दहावीला थांबले होते आणि एम.एस्सी.चा पेपर तिला लघुगणक (लॉग), घातांकी फलन, आलेखाचा चढ आणि एककांचे रूपांतर येत असल्याचे गृहीत धरून चालला होता. वर्गात हे कोणी बोलून दाखवत नाही. शिक्षकांना वाटते की हे मुलांना येत असणारच. आणि मुलांना वाटते की हे विचारले तर आपली पायरी कळेल. जीवरसायनशास्त्राच्या वर्गात अर्धी मुले जीवशास्त्राकडून आणि अर्धी रसायनशास्त्राकडून येतात, भौतिकशास्त्राकडून क्वचितच एखादा येतो. अशा वर्गात गणिताची ही पोकळी एकट्यादुकट्याची नसते; प्रत्येकाला मात्र ती आपल्या एकट्याचीच वाटत असते.

मी त्याच कागदावर रक्ताचे उदाहरण घेतले, कारण वडिलांच्या प्रश्नामुळे रक्त तिच्या डोक्यात होतेच. रक्तातील बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण सुमारे २० ला १ असते. त्या जोडीचा पीकेए, म्हणजे आम्लाची ताकद दाखवणारा आकडा, ६.१ धरतात. २० चा लॉग साधारण १.३. आता ६.१ मध्ये १.३ मिळव. ७.४ हे उत्तर येताच तिने मान वर केली. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ७.४ असतो हे ती बारावीपासून पाठ म्हणत आली होती. तो कुठून येतो हे तिला त्या दिवशी प्रथमच स्वतःच्या हाताने काढता आले. तेवढ्यावरून तिचा निर्णय बदलला असे मात्र झाले नाही. “हे सोपं होतं म्हणून जमलं,” असे म्हणून ती निघून गेली.

विषय सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते, आणि तो तिला तिसऱ्या भेटीत विचारला: परीक्षेला नसते तरी तू वाचले असतेस असे या विषयात काय आहे? त्याच्या आदल्या वर्षी याच विभागातून आलेल्या एका मुलाला मी हाच प्रश्न केला होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की असे काहीही नाही, प्रयोगशाळेच्या वासानेच त्याला नकोसे होते, पण गुणांच्या तक्त्यांत रमायला आवडते. त्याचे गुण शीतलपेक्षा कितीतरी चांगले होते, तरी मी त्याला थांबायचा आग्रह केला नाही. तो सांख्यिकीकडे गेला आणि तेथे सुखात आहे. विषय अवघड जाणे आणि विषय नकोसा होणे यांत अंतर आहे. गुणपत्रिकेवर मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

शीतलने थोडा विचार केला. मग ती म्हणाली की कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी मज्जापेशी एकच असते, तिची प्रथिने मणक्याजवळच्या पेशीकायेत (पेशीच्या मुख्य भागात) तयार होतात, मग ती तळपायापर्यंत पोहोचतात कशी, हे तिला बी.एस्सी.पासून कुतूहल आहे. “प्राणिशास्त्राच्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, वाहत जातात.” मी तिला म्हटले की याचे उत्तर त्या लाल शाईच्या सूत्रांतच कुठेतरी असणार, ते शोधून आण.

त्याआधी आम्ही सहा आठवड्यांचा एक साधा बेत आखला. अकरावी-बारावीची गणिताची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील मोजकी प्रकरणे तिने रोज संध्याकाळी पाऊण तास करायची, आणि बाकी अभ्यासाला त्या वेळात हात लावायचा नाही. पण पुस्तक एकटीने वाचून ती अडली असती. येथे शासकीय विद्यापीठाचा असा एक गुण कामी आला, जो माहितीपत्रकात कोणी छापत नाही. एकाच आवारात, एकाच वसतिगृहात, एकाच मेसच्या रांगेत सगळ्या विभागांची मुले असतात. शीतलच्या मजल्यावर भौतिकशास्त्र विभागाची एक मुलगी राहत होती आणि तिला वैकल्पिक पेपरसाठी पेशीची रचना समजून घ्यायची होती. दोघींनी व्यवहार ठरवला: आठवड्यातून तीन दिवस हिने तिला पेशी शिकवायची, तीन दिवस तिने हिला लघुगणक. मी सुचवलेल्या साऱ्या उपायांत हाच सर्वांत उपयोगी पडला, आणि खरे सांगायचे तर तो मी सुचवलेलाही नव्हता. मी फक्त “विचारून बघ” म्हटले होते.

विभागाच्या उणिवा खऱ्या होत्या, त्या झाकण्यात अर्थ नाही. कित्येक पदे रिकामी होती. जीवभौतिकशास्त्राचा पेपर तासिका तत्त्वावरील एक तरुण प्राध्यापक शिकवत. ते सकाळी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेऊन धावतपळत येत आणि तास संपताच निघून जात. शीतलने त्याचा अर्थ असा लावला होता की त्यांना आपल्यासारख्या मुलांचा कंटाळा आहे. प्रात्यक्षिकाला सव्वीस विद्यार्थ्यांत चालू स्थितीतला स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) एक. सहा जणांच्या गटात एकाने निरीक्षणे घ्यायची आणि बाकीच्यांनी ती जर्नलमध्ये उतरवायची, अशी रीतच पडली होती. पहिल्या सत्राचे तीन महिने उलटून गेले तरी तिने त्या यंत्राचे झाकण एकदाही स्वतः उघडले नव्हते. खासगी विद्यापीठांच्या चकचकीत प्रयोगशाळांचे फोटो पाहून मुले हळहळतात ती अशा वेळी. माझे मत असे की पैसे मोजून आत गेल्यावर त्या यंत्रांना हात लावायला मिळतो का, हे तेथील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय हळहळू नये.

तिने त्या प्राध्यापकांना गाठून सरळ सांगितले की मला गणित येत नाही, मी शिकते आहे, पण मला एक प्रयोग पूर्ण स्वतः करायचा आहे. त्यांनी शनिवारी दुपारचा वेळ दिला आणि प्रयोगशाळा सहायकांना तसे सांगून ठेवले. हे सहायक काका त्या यंत्राजवळ वीस वर्षे वावरलेले. कुठला दिवा कधी बदलला हे त्यांना तोंडपाठ होते. शीतलने मोड आलेल्या मटकीतून अमायलेज हे स्टार्चचे तुकडे करून साखर बनवणारे एन्झाइम काढले, स्टार्चची सहा निरनिराळी द्रावणे केली, साखर असेल तर रंग बदलणारा डीएनएसए अभिकर्मक घालून उकळत्या पाण्यात ठेवली आणि नारिंगी रंगाची गडदता ५४० नॅनोमीटरला मोजली. पहिल्या शनिवारी सगळा आलेख विस्कटला, कारण तिने नळ्यांची क्रमवारी चुकवली होती. दुसऱ्या शनिवारी बिंदू चढत गेले आणि मग हळूहळू सपाट होत गेले. स्टार्च दुप्पट केले तरी वेग वाढेना. “सगळी एन्झाइमं कामाला लागलेली आहेत, रिकामी कोणीच नाही, म्हणून वाढत नाही,” ती मला सांगत होती, “आणि हाच तो व्हीमॅक्स, सर्वांत जास्त वेग!” सरळ आलेख का काढायचा हेही तिला आता सांगता येत होते: वाकडी रेषा कुठे टेकणार हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, सरळ रेषा पट्टीने पुढे वाढवता येते. त्या पद्धतीत कमी सांद्रतेच्या, म्हणजे फिक्या द्रावणांच्या, बिंदूंची चूक फुगते, हे तिला पुढे सरांनी दाखवले.

सहाव्या आठवड्यात ती न बोलावता आली. हातात एकच पान होते. विसरणाने (डिफ्यूजनने, म्हणजे आपोआप इकडेतिकडे पसरत) रेणू किती अंतर जातो याचे सूत्र तिने घेतले होते: अंतराचा वर्ग म्हणजे विसरण गुणांकाची दुप्पट गुणिले वेळ. पेशीतील प्रथिनासाठी तिने सेकंदाला १० वर्ग मायक्रोमीटर हा गुणांक धरला होता. १० मायक्रोमीटरच्या पेशीत प्रथिन या टोकापासून त्या टोकाला ५ सेकंदांत जाते. मग तिने तोच हिशेब एक मीटर लांबीच्या मज्जातंतूसाठी केला होता. अंतर लाखपट झाले, पण सूत्रात अंतराचा वर्ग असल्याने वेळ हजार कोटी पटींनी वाढला. उत्तर सेकंदांत पाच हजार कोटी, म्हणजे सुमारे १,६०० वर्षे.

“मॅडम, नुसतं वाहत जात नाही. जाऊच शकत नाही.” पानाच्या मागच्या बाजूला तिने कायनेसिन या प्रथिनाचा हिशेब मांडला होता. हा रेणू पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत ओझे वाहून नेतो आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर वेग धरला तर सेकंदाला १२५ पावले होतात आणि एक मीटरचा प्रवास साडेअकरा दिवसांत उरकतो. सोळाशे वर्षे आणि साडेअकरा दिवस हे दोन आकडे तिने लाल शाईने शेजारी शेजारी लिहिले होते, आणि दोन्हींपुढे एकक होते.

माझ्या मते जीवरसायनशास्त्र आणि जीवभौतिकशास्त्र एकत्र का शिकवतात याचे यापेक्षा चांगले उत्तर एखाद्या विद्यार्थ्याला स्वतःचे स्वतः सापडणे कठीण. कायनेसिन कशाचे बनले आहे आणि एटीपी कसा खर्चते हे जीवरसायनशास्त्र सांगते. असा रेणू मुळात का हवा हे भौतिकशास्त्राच्या हिशेबाशिवाय कळत नाही. कमला सोहोनींच्या गोष्टीतला खरा उपयोगी तपशील मला तेव्हा आठवला आणि या वेळी तो सांगायला संकोच वाटला नाही: त्यांची बी.एस्सी. पदवी रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विषयांची होती, जीवशास्त्राची नव्हती. त्यांनाही अर्धा विषय मागाहून शिकावा लागला होता. शीतल उलट्या दिशेने येत होती इतकेच. वेंकटरामन रामकृष्णन यांनी तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, अमेरिकेत भौतिकशास्त्रातच डॉक्टरेट केली, त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले, आणि पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चे नोबेल त्यांना मिळाले ते रसायनशास्त्राचे.

एवढे झाले तरी दुसरा प्रश्न शिल्लक होताच, आणि तो वडिलांचा होता. मी त्यांना बोलावून घेतले. ड्यूटी बदलून, रात्रीच्या गाडीने ते आले. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, हातात मुलीच्या सगळ्या गुणपत्रिकांची प्लास्टिकची पिशवी. “मॅडम, पोरीनं शिकावं असंच आम्हाला वाटतं. पण शेवटी हिच्या हातात काय पडणार, किती वर्षांनी पडणार, ते एकदा स्पष्ट सांगा. मी दोन-तीन वर्षं ओढीन. त्याच्या पुढं मला विचार करावा लागल.” इतका नेमका प्रश्न शिकलेले पालकही क्वचित विचारतात.

मीही त्यांना नेमकेच सांगितले. रक्ततपासणीच्या लॅबचा मार्ग वेगळा आहे, त्याचे अभ्यासक्रम आणि नियम वेगळे आहेत. या पदवीवर ती टाकता येईल अशा भरवशावर राहू नये. औषध आणि लस कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात या विषयाच्या मुलांना घेतात, पण सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि तेथे पदवीपेक्षा यंत्र चालवता येते का हे आधी पाहतात. महाविद्यालयात शिकवायचे तर ‘नेट’ (राष्ट्रीय) किंवा ‘सेट’ (राज्य) ही पात्रता परीक्षा लागते, आणि कायम जागा किती निघतात हे तिच्या स्वतःच्या विभागाकडे पाहिले तरी कळते. संशोधनाचा रस्ता लांब आहे, एम.एस्सी.नंतर आणखी पाच-सहा वर्षे धरावीत. मात्र सीएसआयआर-यूजीसीच्या ‘नेट’मधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. छात्रवृत्तीच्या वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. म्हणजे तुम्हाला ओढायचे ते एम.एस्सी. आणि त्यानंतर फार तर एक वर्ष; पण ही परीक्षा पहिल्या फटक्यात निघते असे मी सांगणार नाही, बहुतेकांची निघत नाही.

त्यांनी आकडे तिकिटांच्या वहीसारख्या छोट्या वहीत लिहून घेतले. मग विचारले, “अन् नाहीच निघाली तर?” मी म्हटले, “तर बी.एड. तेव्हाही करता येईल.” बी.एड. हा कमी प्रतीचा मार्ग आहे असे मी त्यांना किंवा तिला कधीही म्हटले नाही. सात गुणांच्या उत्तरपत्रिकेने तो निवडू नये, एवढेच माझे म्हणणे होते. शुल्काची त्यांची काळजी बऱ्याच अंशी शिष्यवृत्तीची होती. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज शीतलने अपुऱ्या कागदपत्रांमुळे अर्धवट सोडला होता. तो आम्ही त्याच दुपारी, उत्पन्नाचा दाखला त्यांच्या मोबाइलवर मागवून, पूर्ण केला.

जाताना त्यांनी एक शंका काढली, आणि ती वरवर पाहता भाबडी असली तरी मुलांच्या मनातही असते: साध्या सरकारी विद्यापीठातून कोणी मोठे काम केले आहे का? मी त्यांना मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन यांच्याविषयी सांगितले. कातडीत आणि हाडांत असणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची तिपेडी रचना त्यांनी आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ च्या सुमारास तेथेच मांडली. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते हे दाखवणारा, आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आलेख १९६३ चा, तोही तेथलाच. कामासाठी लागणारे कोलॅजन त्यांनी शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मागून आणले होते. “म्हणजे शेजाऱ्याकडून विरजण आणल्यासारखं,” वडील म्हणाले. शीतल हसली, माझ्या खोलीत ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

रामचंद्रन आलेखाचा तिच्या पुढच्या अभ्यासाशीही थेट संबंध होता. ‘नेट’च्या जीवविज्ञान पेपरचा अभ्यासक्रम तेरा घटकांचा आहे. त्यातल्या पहिल्याच घटकात पीएच, बफर, ऊष्मागतिकी, एन्झाइमचा वेग आणि हा आलेख येतो. तेराव्या घटकात वर्णपटमापन, प्रतिदीप्ती, क्ष-किरण विवर्तन अशा जीवभौतिक पद्धती येतात. तिने टाळायचा म्हणून ठरवलेला पेपर त्या यादीच्या दोन्ही टोकांना उभा होता. परीक्षा २०० गुणांची. त्यांतील १०० गुण शेवटच्या भागातील २५ प्रश्नांना, आणि तेथे आलेख वाचून किंवा हिशेब करून निष्कर्ष काढावा लागतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे पाठांतरावर अंदाज बांधून लिहिणाऱ्याची तेथे धडगत नसते.

त्या सत्रात शीतल जीवभौतिकशास्त्रात उत्तीर्ण झाली, जेमतेम. विद्यापीठाच्या परीक्षेतही उपकरणतंत्राचा एक प्रश्न तिने वेळ संपल्यामुळे सोडला होता. दुसऱ्या सत्रात मात्र मटकीच्या प्रयोगाची खबर विभागात पसरल्याने चार मुले शनिवारी तिच्याबरोबर येऊ लागली आणि सहायक काकांनी नोंदवहीत वेळेचा रकाना आखला. शेवटच्या वर्षी तिने प्रकल्पासाठी हळदीतील कर्क्युमिन हा पिवळा पदार्थ रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला कसा चिकटतो हा विषय घेतला. महागडे काही लागत नाही. प्रथिनातील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल २९५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उजळवायचे आणि कर्क्युमिन वाढवत गेले की ती चमक किती मंदावते ते मोजायचे. चमक मोजणारे यंत्र विभागात नव्हते. ते भौतिकशास्त्र विभागात होते, आणि तेथे कोणाला विचारायचे हे तिला ठाऊक होते.

‘नेट’च्या पहिल्या प्रयत्नात तिची निवड झाली नाही. शेवटच्या भागात तिने फार कमी प्रश्नांना हात घातला होता, गुण कापले जातील या भीतीने. निकाल लागला त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, पण रडायला नव्हे. तो भाग कसा सोडवायचा याचे वेळापत्रक घेऊन आली होती आणि त्यात रोज रात्रीचे तीन तास एकाच विषयाला दिले होते, ते मी दोनावर आणायला लावले. वडिलांनी ठरवून दिलेल्या मुदतीतले आठ महिने शिल्लक आहेत. बी.एड.च्या अर्जाची तारीखही तिने त्याच वेळापत्रकात खाली पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. पुढची भेट आम्ही जूनच्या परीक्षेनंतरची ठरवली आहे.